ब्राउझरमधले सामायिक लेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राउझरमधले सामायिक लेखन म्हणजे नेमके काय?

संगणकावर वेगळे काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येच उघडणारा वर्ड प्रोसेसर, आणि त्यातल्या एकाच दस्तऐवजावर अनेकांनी एकाच वेळी केलेले काम, असा या शब्दांचा अर्थ आहे. गूगल डॉक्स हे त्याचे सर्वांत परिचित रूप असून झोहो रायटर, वेबवरचे वर्ड आणि इथरपॅड ही त्याच कुळातली नावे आहेत. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे दस्तऐवजाची प्रत एकच राहते. पूर्वी आपण फाइल पाठवत होतो, आता फाइलचा पत्ता पाठवतो; ज्याला पत्ता मिळाला तो मूळ मजकुरापाशीच येऊन बसतो. खाली आलेली बहुतेक उत्तरे या एका फरकापाशीच येऊन पोहोचतात.

हे येण्यापूर्वी लोक एकत्र कसे लिहीत होते?

ईमेलला फाइल जोडून. त्याचा त्रास किती होता, हे एका दिवाळी अंकाच्या कामात मी जवळून पाहिले आहे. लेख लेखकाकडून संपादकाकडे, तिथून मुद्रितशोधकाकडे आणि शेवटी अक्षरजुळणीकडे जाई आणि प्रत्येक मुक्कामाला फाइलची एक नवी प्रत तयार होई. ‘लेख_अंतिम’, ‘लेख_अंतिम_दुरुस्त’, ‘लेख_अंतिम_दुरुस्त_२’ अशा नावांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या असत. एका वर्षी मुद्रितशोधकांनी एका प्रतीत शुद्धलेखनाच्या सगळ्या दुरुस्त्या केल्या आणि त्याच संध्याकाळी लेखकाने आपल्याजवळच्या जुन्या प्रतीला एक सुंदर शेवटचा परिच्छेद जोडून पाठवला. छापायला गेली ती दुसरी प्रत. नवा परिच्छेद वाचकांपर्यंत पोहोचला, पण दुरुस्त्या एकूण एक राहून गेल्या आणि वार्षिक अंक असल्याने शुद्धिपत्र द्यायलाही पुढची दिवाळी उजाडावी लागली. यात कोणीही कामचुकारपणा केला नव्हता. दोन प्रती होत्या, एवढेच कारण होते.

एका मजकुरावर दोघांनी एकदम काम करण्याची कल्पना सर्वांत आधी कोणी प्रत्यक्षात आणली?

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दाखवले. माउस लोकांसमोर आणणारे प्रात्यक्षिक म्हणून ते प्रसिद्ध आहे. परंतु त्याच दिवशी एंगलबार्ट यांनी सभागृहात बसून, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत बसलेल्या आपल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरच्या मजकुरावर कामही करून दाखवले होते. दोघांचे निर्देशक एकाच पडद्यावर दिसत होते आणि दोघांचा आवाज एकमेकांना ऐकू येत होता. आज आपण ज्याला नवे समजतो, त्याचा गाभा तिथे होता.

मग ते सर्वसामान्यांपर्यंत यायला जवळजवळ चाळीस वर्षे का लागली?

एंगलबार्ट यांची यंत्रणा एका प्रयोगशाळेची होती आणि घरोघरी पोहोचलेले संगणक एकेकट्याने वापरायचे होते. १९९० च्या दशकात वेब आले, पण ते मुख्यतः वाचण्यासाठी होते. पानावरची कोणतीही गोष्ट बदलायची तर फॉर्म भरून बटण दाबावे लागे, सर्व्हर ते अख्खे पान नव्याने पाठवी आणि तोवर पडदा कोरा होई. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी सुरू केले, तेव्हा वाचकाला पान बदलण्याची मुभा मिळाली. २००१ साली विकिपीडिया आणि २००३ साली मराठी विकिपीडिया त्याच वाटेने आले. परंतु तिथेही पद्धत ‘संपादन करा, मग जतन करा’ अशीच होती आणि दोघांनी एकदम तोच भाग बदलला, तर दुसऱ्याला ‘मजकूर दरम्यान बदलला आहे’ असे सांगून अडवले जाई.

कोंडी फुटली ती दोन लहानशा सोयींमुळे. मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत, आपली ईमेल सेवा वेबवर चालावी म्हणून, अख्खे पान न बदलता पडद्याआडून सर्व्हरशी बोलण्याची तजवीज केली. पुढच्याच वर्षी त्याच ब्राउझरच्या ५.५ आवृत्तीत पानाचा एखादा भाग थेट टंकता येण्याजोगा करण्याची सोय आली. या दोन गोष्टी एकत्र केल्या की वर्ड प्रोसेसर होतो, हे ध्यानात यायला मात्र आणखी काही वर्षे गेली. २००४ च्या एप्रिलमध्ये जीमेल आणि २००५ च्या सुरुवातीला गूगल मॅप्स आले, तेव्हा ब्राउझर इतका चपळ असू शकतो हे सर्वांना दिसले आणि त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘अजॅक्स’ हे नाव दिले.

रायटली काय होते?

गूगल डॉक्सचे माहेर. सॅम शिलेस, स्टीव्ह न्यूमन आणि क्लॉडिया कार्पेंटर या तिघांच्या अपस्टार्टल या छोट्या कंपनीने ऑगस्ट २००५ मध्ये रायटली लोकांसाठी खुले केले. फाइल पाठवण्याऐवजी एखाद्याला दस्तऐवजात बोलवायचे, ही सोय त्यात सुरुवातीपासून होती. मार्च २००६ मध्ये गूगलने ही कंपनी घेतली, मूळ मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर उभे असलेले रायटली गूगलच्या यंत्रणेवर आणले गेले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये स्प्रेडशीटला जोडून ‘गूगल डॉक्स अँड स्प्रेडशीट्स’ असे नाव त्याला मिळाले.

त्याच २००५ साली चेन्नईत मुख्य काम असलेल्या, श्रीधर वेंबू यांच्या कंपनीने झोहो रायटर आणले होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. तेव्हा कंपनीचे नाव अ‍ॅडव्हेंटनेट होते. २००९ साली तिने झोहो हेच नाव घेतले. ब्राउझरमधला वर्ड प्रोसेसर ही केवळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची कथा नाही, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

दोघांनी एकाच ओळीत एकाच क्षणी टंकले तर मजकुराचा गोंधळ का होत नाही?

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर उदाहरणाने देतो. समजा, दस्तऐवजात ‘टिलक’ असा चुकीचा शब्द आहे. सुनीता आणि माधव दोघेही तो पाहत आहेत. सुनीता शब्दाच्या आधी ‘लोकमान्य’ आणि एक मोकळी जागा टंकते. त्याच क्षणी माधव ‘ल’ काढून ‘ळ’ घालतो. संगणकाच्या हिशेबात ‘टिलक’ची चार चिन्हे आहेत: ट, ऱ्हस्व वेलांटी, ल आणि क. माधवच्या संगणकाने पाठवलेला निरोप असतो, ‘तिसरे चिन्ह काढा, तिथे ळ ठेवा.’

हा निरोप सुनीताच्या संगणकावर पोहोचतो तेव्हा तिथे ‘लोकमान्य टिलक’ असते आणि त्यातले तिसरे चिन्ह असते ‘क’. निरोप जसाच्या तसा पाळला, तर तिच्या पडद्यावर ‘लोळमान्य टिलक’ असे उमटेल. माधवच्या पडद्यावर मात्र ‘लोकमान्य टिळक’ दिसेल. एकाच दस्तऐवजाचे दोन दस्तऐवज झाले, तेही दोघांना न कळता. हे टाळण्यासाठी निरोप पाळण्याआधी तो बदलून घ्यावा लागतो. ‘लोकमान्य’ची आठ चिन्हे आणि एक मोकळी जागा मिळून नऊ चिन्हे आधी घुसली आहेत, म्हणून माधवच्या तीनमध्ये नऊ मिळवायचे आणि बारावे चिन्ह बदलायचे. बारावे चिन्ह म्हणजे ‘टिलक’मधला ‘ल’च. दोन्ही पडद्यांवर ‘लोकमान्य टिळक’ येते आणि दोघांचीही मेहनत शाबूत राहते.

निरोप असे परिस्थितीनुसार रूपांतरित करण्याची पद्धत क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ साली मांडली. तेव्हा त्यांचे काम अमेरिकेतल्या ऑस्टिन येथील एका संशोधन संस्थेत चालू होते. १९९५ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात ज्युपिटर ही यंत्रणा तयार झाली. तिने सगळे निरोप एका मध्यवर्ती सर्व्हरमार्फत नेऊन त्यांचा क्रम ठरवण्याचा मार्ग घालून दिला आणि पुढे गूगलनेही हीच वाट धरली. अलीकडे दुसरीही एक पद्धत पुढे आली आहे. तिच्यात चिन्हाला क्रमांकाऐवजी कायमची स्वतंत्र ओळख दिली जाते. त्यामुळे आधी कितीही मजकूर घुसला तरी ‘तो ल’ हा ‘तो ल’च राहतो आणि मध्यवर्ती सर्व्हर असलाच पाहिजे असे उरत नाही. या पद्धतीची रीतसर मांडणी मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली केली.

इथरपॅडचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते?

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या इथरपॅडने प्रत्येक लिहिणाऱ्याचा मजकूर वेगळ्या रंगात आणि टंकता टंकता इतरांना दाखवला. रायटलीत आणि सुरुवातीच्या गूगल डॉक्समध्ये दुसऱ्याने केलेला बदल दिसायला काही सेकंद थांबावे लागे. इथे समोरच्याचे अक्षर न् अक्षर येताना दिसू लागले. पानावरची एक पट्टी मागे सरकवली की दस्तऐवज पहिल्या अक्षरापासून कसा घडत गेला, तेही पाहता येई. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ही कंपनी घेतली आणि सेवा बंद होणार असे जाहीर होताच वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केली. त्याच महिन्यात तिचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला, आणि म्हणूनच आजही कोणतीही संस्था आपल्या सर्व्हरवर इथरपॅड चालवू शकते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या परिषदांमध्ये चर्चेची टिपणे अशाच सामायिक पानावर अनेकांनी मिळून घेतलेली मी वाचली आहेत.

२०१० साली गूगल डॉक्समध्ये कोणता बदल झाला?

संपादक मुळापासून नव्याने लिहिला गेला. तोपर्यंत मजकूर टंकण्याचे काम ब्राउझरच्या अंगभूत सोयीवर सोपवलेले होते आणि प्रत्येक ब्राउझर ते आपापल्या तऱ्हेने करत असल्यामुळे तोच दस्तऐवज दोघांना वेगळा दिसे. नव्या संपादकात कर्सर कुठे चमकावा, ओळ कुठे मोडावी, हे सगळे गूगलचा स्वतःचा प्रोग्राम ठरवू लागला. दस्तऐवज म्हणजे झालेल्या बदलांची कालक्रमाने लावलेली यादी, अशी त्याची रचना झाली आणि प्रत्येक टंकलेले अक्षर लगेच दुसऱ्याला दिसू लागले. २०२१ साली गूगलने आणखी पुढे जाऊन, अक्षरे वेबपानाच्या मजकुरासारखी मांडण्याऐवजी चित्रफलकावर रेखाटण्याची पद्धत स्वीकारत असल्याचे जाहीर केले.

गूगल वेव्हचे काय झाले?

मे २००९ मध्ये मोठ्या उत्साहात जाहीर झालेली ती सेवा ऑगस्ट २०१० मध्ये आवरती घेत असल्याचे गूगलने सांगितले. ईमेल, गप्पा आणि दस्तऐवज यांचे ते मिश्रण होते आणि ते नेमके कशासाठी वापरायचे, हे बहुतेकांना उमगले नाही.

मायक्रोसॉफ्ट या काळात मागे का पडले?

प्रत्येक संगणकासाठी वर्ड विकत घेतले जाणे हा त्यांच्या व्यवसायाचा पाया होता, त्यामुळे ते ब्राउझरमध्ये आणण्याची घाई त्यांना नव्हती, असे माझे मत आहे. २०१० साली वेबवरचे वर्ड आले, २०१३ च्या अखेरीस त्यात एकमेकांचे टंकन त्याच क्षणी दिसू लागले आणि संगणकावरच्या वर्डमध्ये ती सोय २०१६ च्या आवृत्तीपासून आली.

मराठीत लिहिणाऱ्यांना ही सोय इतक्या उशिरा का लाभली?

कारण आपला मजकूर बराच काळ खऱ्या अर्थाने मजकूर नव्हताच. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक साठवत असे ती रोमन अक्षरे आणि इतर चिन्हे; फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार रेखाटत असे. त्या फॉन्टविना तोच लेख उघडला की अगम्य चिन्हांचा ढीग दिसे. संगणकावर ज्याने त्याने आपला फॉन्ट बसवून वेळ निभावली, पण ब्राउझरमध्ये दहा जणांनी दहा यंत्रांवरून एकच पान उघडायचे तर सर्वांच्या यंत्रांनी ‘क’ला ‘क’च म्हणायला हवे. जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून जागा होती. तरी सर्वसामान्य संगणकावर ती नीट दिसू लागली विंडोज २००० आणि एक्सपीच्या काळात, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या मंगल या फॉन्टमुळे. मराठी सामायिक लेखनाचा इतिहास लिहायचा तर त्यात मंगलला पहिल्या पानावर जागा द्यावी लागेल.

त्यानंतरही काही अडचणी उरल्या आणि त्या आजही भेटतात. ‘क्षत्रिय’ शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये त्याची आठ चिन्हे होतात. म्हणून अक्षरसंख्या मोजताना आपला अंदाज आणि संगणकाचा आकडा जुळत नाही, आणि जोडाक्षरानंतर बॅकस्पेस दाबली की बहुतेक ठिकाणी अख्खे अक्षर न जाता त्याचा फक्त शेवटचा तुकडा जातो. दुसरी अडचण अधिक लपलेली आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिले जाई आणि काही कीबोर्ड अजूनही तसेच लिहितात. एका दस्तऐवजात दोघांनी दोन कीबोर्डांवरून ‘ॲप’ लिहिले, तर डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना निम्मे सापडतच नाहीत. अनेकांनी मिळून लिहिलेला मजकूर अंतिम करताना दोन्ही रूपे शोधून एकसारखी करून घ्यावीत.

जुन्या फॉन्टमधला लेख डॉक्समध्ये कसा आणावा?

आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून. त्यासाठी त्या त्या फॉन्टचे रूपांतरक मिळतात, परंतु रूपांतरानंतर पुन्हा वाचन करणे अनिवार्य आहे. रफार, ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’तला अर्धा र, आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन जागा सर्वांत आधी तपासाव्यात, माझ्या अनुभवात चुका तिथेच दडून बसतात.

इंटरनेट मध्येच गेले तर लिहिलेले वाया जाते का?

ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवली असेल तर जात नाही. बदल तुमच्या यंत्रावर साठतात आणि जोडणी परतली की वर सांगितलेल्या पद्धतीने मूळ दस्तऐवजात मिसळतात. मात्र तुम्ही जोडणीबाहेर असताना दुसऱ्याने तोच परिच्छेद नव्याने लिहिला, तर दोन्ही मजकूर एकात एक गुंतून येऊ शकतात, कारण यंत्रणेला चिन्हांचा क्रम समजतो, वाक्याचा अर्थ समजत नाही. अशा वेळी दोघांनी फोनवर बोलून घ्यावे.

सहकाऱ्याने माझा परिच्छेद पुसला तर तो परत मिळतो का?

मिळतो. आवृत्तींच्या इतिहासात जुना मजकूर आणि तो कोणी, केव्हा बदलला याची नोंद राहते. तरीही मूळ लेखकाच्या वाक्याला थेट हात लावू नये, असा माझा आग्रह आहे. २०१४ पासून डॉक्समध्ये सूचना देण्याची वेगळी पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात तुमची दुरुस्ती रंगीत अक्षरांत दिसते आणि ती मान्य करणे किंवा नाकारणे लेखकाच्या हाती राहते. मुद्रितशोधकाने कागदाच्या समासात खूण करावी आणि निर्णय संपादकाने घ्यावा, ही आपली जुनी रीत त्यात तशीच जपली गेली आहे.

लिंक मिळालेला कोणीही दस्तऐवज वाचू शकतो का?

तुम्ही तशी परवानगी दिली असेल तर होय, आणि लिंक पुढे पाठवणे फारच सोपे असते. खाजगी मजकूर नेहमी व्यक्तीच्या ईमेल पत्त्यावरच वाटून द्यावा. ‘फक्त वाचन’, ‘टिप्पणी’ आणि ‘संपादन’ या तीन परवानग्यांतली कोणाला कोणती हवी, याचा विचार लिंक पाठवण्याआधी करावा, नंतर नव्हे.

प्रत एकच असेल, तर ती नेमकी कोणाची?

या सोयीची खरी किंमत इथे मोजावी लागते. लेखनाचा हक्क तुमचाच राहतो, पण मजकूर राहतो कंपनीच्या सर्व्हरवर, आणि ज्याच्या खात्यात तो तयार झाला त्याचे खाते बंद पडले तर इतरांच्याही हातून तो जाऊ शकतो. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी गूगलच्या यंत्रणेतील दोषामुळे काही जणांचे दस्तऐवज ‘नियमभंग’ ठरवून अचानक बंद झाले होते. चूक दुरुस्त झाली, पण आपला मजकूर एखादी यंत्रणा वाचून पारखत असते, हे त्या दिवशी अनेकांना पहिल्यांदाच जाणवले. संस्थेचे काम व्यक्तीच्या खाजगी खात्यात ठेवू नये. गोपनीय मजकुरासाठी क्रिप्टपॅडसारखी सेवा पाहावी, जिच्यात मजकूर कुलूपबंद होऊनच सर्व्हरवर पोहोचतो. आणि महिन्यातून एकदा तरी सगळे ओडीटी किंवा डॉकएक्स स्वरूपात आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावे.

छपाईपर्यंतचे सगळे काम यातच होते का?

पुस्तकाचे किंवा अंकाचे नाही. पानांच्या मांडणीसाठी मजकूर वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावा लागतो, आणि काही जुळणीकार अजूनही जुन्या फॉन्टमध्ये काम करत असल्याने तिथे युनिकोडचे उलटे रूपांतरही होते. फाइल मांडणीला गेली की प्रत पुन्हा दुभंगते. म्हणून त्याच दिवशी सामायिक दस्तऐवजावर तारीख घालून सर्वांची संपादनाची परवानगी काढून घ्यावी आणि त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती, स्वल्पविरामाची असली तरी, पानांच्या मुद्रितावरच करावी.